टनाचा भाव आणि वाडीचा वाटा

संसदेत काही विधेयके गाजतात, काही नुसतीच वाजतात आणि काही कुणाच्या कानावर न पडता कायदा होऊन बाहेर पडतात. ऊर्जा संवर्धन कायद्यातील दुरुस्तीचे विधेयक या तिसऱ्या जातीचे होते. लोकसभेने ते ८ ऑगस्ट २०२२ रोजी आणि राज्यसभेने १२ डिसेंबर २०२२ रोजी मंजूर केले. १ जानेवारी २०२३ पासून ते अमलातही आले. या कायद्याने आपल्या देशात एका नव्या बाजाराचा पाया घातला. या बाजारातला माल डोळ्यांना दिसत नाही, हातात धरता येत नाही आणि साठवायला गोदामही लागत नाही. कारण हा माल म्हणजे हवेत न सोडलेला धूर!

व्यवहार तसा सोपा आहे. सिमेंट, पोलाद, कागद, खते, कापड अशा उद्योगांतल्या मोठ्या कारखान्यांना सरकार एक मर्यादा आखून देते. एक टन माल काढताना अमुक इतकाच कार्बन हवेत सोडायचा. जो त्याहून कमी सोडेल त्याला वाचवलेल्या प्रत्येक टनामागे एक प्रमाणपत्र मिळते. जो जास्त सोडेल त्याने ही प्रमाणपत्रे बाजारातून विकत घ्यायची. ती घेतली नाहीत तर सरासरी बाजारभावाच्या दुप्पट भरपाई भरायची. जून २०२३ मध्ये या योजनेची अधिसूचना निघाली आणि २०२५ च्या ऑक्टोबरात सिमेंट, कागद वगैरे पहिल्या काही उद्योगांच्या मर्यादाही जाहीर झाल्या.

संसदेत यावर चर्चा झाली ती मुख्यतः दोन मुद्द्यांवर. हवेचा विषय पर्यावरण खात्याचा, मग हा बाजार वीज खात्याच्या हाती का, असा विरोधी बाकांवरून प्रश्न आला. विधेयक समितीकडे पाठवून नीट तपासून घ्या, अशीही मागणी झाली. तत्कालीन वीजमंत्री आर. के. सिंह यांनी आपली कार्बन प्रमाणपत्रे देशाबाहेर जाणार नाहीत, अशी ग्वाही लोकसभेत दिली. दोन्ही प्रश्न रास्तच होते. पण बाजार म्हटला की घरातली गृहिणीसुद्धा आधी विचारते, पैसे कुणाच्या खिशातून जाणार आणि कुणाच्या पदरात पडणार? हा प्रश्न मात्र कोपऱ्यातच राहिला.

या प्रश्नाचे महत्त्व कळण्यासाठी थोडे बाहेर डोकवावे लागेल. क्योटो करारानंतर कारखानेच नव्हे, तर सरकारेही करदात्यांच्या पैशातून असे टन विकत घेऊ लागली. आयर्लंडने २००७ साली त्यासाठी कायदा करून स्वतंत्र निधीच उभारला. घरचा धूर कमी करण्याऐवजी दुसऱ्याचे पुण्य विकत घेता काय, अशी टीका तिथे झाली. जपान तर मोठाच गिऱ्हाईक होता. २००९ मध्ये त्याने झेक प्रजासत्ताकाकडून ४ कोटी टन घेतले. झेक सरकारने त्या पैशातून लोकांची जुनी घरे थंडीपासून बचाव करणारी, कमी इंधनात ऊबदार राहणारी करून दिली. शेजारच्या स्लोव्हाकियाने २००८ मध्ये सुमारे दीड कोटी टन एका अनोळखी परदेशी कंपनीला टनाला जेमतेम ५ युरोंना विकून टाकले. त्याचा पुढे मोठा गवगवा झाला आणि पर्यावरणमंत्र्यांना पद सोडावे लागले. १९९२ पर्यंत हे दोन्ही देश एकाच नावाने नांदत होते. विकलेला मालही एकच. एका घरात त्याची ऊब पोचली, दुसऱ्या घरात नुसता धूर. फरक पडला तो एवढ्यानेच, की पैसा कुठे जाणार हे एका ठिकाणी आधी ठरले होते.

आता आपल्या दाराशी येऊ. रायगडच्या आतल्या अंगाला, बोरघाटाच्या पायथ्याशी, कर्जत आणि खालापूर हे दोन तालुके आहेत. माझे या भागात येणे-जाणे आहे आणि मला हा मुलूख या विषयाचे चालतेबोलते पाठ्यपुस्तक वाटतो. घाटमाथ्यावर लोणावळ्याच्या परिसरात टाटांनी तलाव बांधले, तिथले पाणी नळांतून खाली सोडले आणि १९१५ साली खोपोलीला वीज तयार झाली. १९२२ मध्ये कर्जत तालुक्यात भिवपुरीचे केंद्र सुरू झाले. कोळशावर धापा टाकणाऱ्या मुंबईच्या गिरण्या या बिनधुराच्या विजेवर फिरू लागल्या. आज ज्याला आपण स्वच्छ ऊर्जा म्हणून मिरवतो, ती इथे शंभर वर्षांपूर्वीच आली होती. वीज मात्र मुंबईला गेली. याच डोंगरांतल्या कितीतरी ठाकूरवाड्या आणि कातकरीवाड्या स्वातंत्र्यानंतरही वर्षानुवर्षे अंधारात होत्या. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

तरीही इथे एक चांगली गोष्ट घडली. भिवपुरीची जनित्रे फिरवून झालेले पाणी पेज नदीत येते आणि पुढे राजनाल्याच्या कालव्याने कर्जतच्या शेतांत जाते. त्यावर उन्हाळी भात पिकतो. मोठ्या प्रकल्पाचा वाटा स्थानिकांच्या ताटात पडू शकतो, याचा हा पुरावा आहे. तो आपोआप पडत नाही, त्यासाठी कुणीतरी पाट काढावा लागतो.

कार्बनच्या बाजारात असा पाट काढलेला नाही. उलट या बाजाराचा एक मूळ नियमच मला विचारात पाडतो. एखाद्या प्रकल्पाने वाचवलेला टन विकायचा, तर ती बचत 'एरवी झालीच नसती' हे दाखवावे लागते. हिशेबाच्या दृष्टीने नियम बरोबर आहे. नाहीतर जो तो जुन्या पुण्याईची बिले घेऊन उभा राहील. पण त्याचा अर्थ काय होतो पाहा. काल भरपूर धूर सोडणाऱ्याने आज थोडा कमी केला, तर त्याला पैसे. ज्याने कधी सोडलाच नाही, त्याला काही नाही. ज्या वाडीने पिढ्यानपिढ्या रान राखले, तिचे रान 'एरवीही राहिलेच असते' म्हणून त्याला मोल नाही!

आणि किंमत मात्र तीच वाडी मोजते. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातल्या इरशाळवाडीवर दरड कोसळली. २७ मृतदेह हाती लागले, ५७ माणसे मातीखालीच राहिली. या एका दरडीचे खापर थेट कार्बनवर फोडणे शास्त्राला धरून होणार नाही. पण हवा तापली की ती अधिक बाष्प धरते आणि पाऊस एकदम कोसळतो, हे आता वादातीत आहे. मध्य भारताच्या पट्ट्यात व्यापक अतिवृष्टीच्या घटना १९५० ते २०१५ या काळात तिपटीने वाढल्याचे पुण्याच्या उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांनी २०१७ मध्ये दाखवून दिले. इरशाळवाडीतल्या ठाकरांनी या वाढीत किती भर घातली असेल? एका मोठ्या कारखान्याच्या एका दिवसाच्या धुराइतकीही नसेल.

हे आज लिहायचे कारण आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये भारत आणि जपान यांच्यात करार झाला. जपानी मदतीने इथे उभ्या राहणाऱ्या प्रकल्पांतून वाचलेले टन दोन्ही देश वाटून घेणार आहेत. झेक लोकांच्या दारी गेलेले गिऱ्हाईक आता आपल्या दारी आले आहे. पॅरिस करारानुसार विकलेला टन आपल्याला आपल्या खात्यात धरता येत नाही. म्हणजे स्वस्तात होणारी बचत आज विकून बसलो, तर उद्या आपल्याच उद्दिष्टासाठी महागडी बचत शोधावी लागेल. भावाचाही भरवसा नाही. २००८ मध्ये २० युरोंच्या घरात असलेले क्योटोचे प्रमाणपत्र २०१२ च्या अखेरीस एका युरोच्याही खाली आले होते आणि त्यावर विसंबलेल्या कितीतरी भारतीय प्रकल्पांची गणिते कोसळली.

तेव्हा बाजार नको, असे माझे म्हणणे नाही. धुराला किंमत लागल्याशिवाय धूर कमी होत नाही, हे मला पटते. पण संसदेत हा विषय पुन्हा येईल तेव्हा आपल्या खासदारांनी दोन गोष्टी मागाव्यात. सरकारला या व्यवहारातून आणि भरपाईतून जे मिळेल, त्याचा ठरावीक हिस्सा दरडप्रवण वाड्यांच्या सुरक्षित पुनर्वसनासाठी कायद्यानेच बांधून ठेवावा. आणि २००६ च्या वनहक्क कायद्याने ज्या रानावर ग्रामसभेचा सामूहिक हक्क मान्य झाला आहे, त्या रानाच्या कार्बनचा एकही टन ग्रामसभेच्या ठरावाशिवाय विकला जाऊ नये.

खोपोलीची वीज मुंबईला गेली, तेव्हा वाडीला कुणी विचारले नाही. पारतंत्र्याचा काळ होता, विचारायला संसदही नव्हती. आता संसद आहे आणि तिथे आपण निवडून दिलेली माणसे बसली आहेत. यावेळी पाट काढायचा राहिला, तर दोष परक्याला देता येणार नाही.