वही पक्की, पण खिडकी?

बँकेच्या स्ट्राँगरूमला दोन किल्ल्या असतात. एक मॅनेजरकडे, दुसरी हेड कॅशियरकडे. दोन्ही फिरल्याशिवाय दार उघडत नाही. बँकेत असताना एका दुपारी आमचे हेड कॅशियर घाईघाईने केबिनमध्ये आले. “साहेब, तासभर ही किल्ली ठेवा तुमच्याकडे. आईला दवाखान्यात पोचवून येतो.” मी ठेवून घेतली. गैर काही घडले नाही. पण त्या तासात किल्ल्या दोन असूनही कुलूप एकाच माणसाचे होते, हे रात्री घरी आल्यावर उमगले आणि झोप उडाली.

ही गोष्ट आठवायला निमित्त झाले व्हिडिओ गेमचे. गेली काही वर्षे एक दावा कानावर येतो आहे, की ब्लॉकचेनमुळे खेळणारा मुलगा खेळातल्या वस्तूंचा खराखुरा मालक होईल. दाव्यात तथ्य नाही असे नाही. नेहमीच्या खेळात आपण पैसे मोजून तलवार घेतो, तेव्हा विकत मिळते ती केवळ वापरण्याची परवानगी. वही कंपनीची आणि खोडरबरही कंपनीचे. ब्लॉकचेन म्हणजे अशी वही, जिच्या प्रती असंख्य संगणकांवर असतात आणि जिची प्रत्येक नोंद आधीच्या नोंदीला गुंफलेली असते. मागचे पान गुपचूप बदलता येत नाही. तलवारीची मालकी या वहीत चढली, की ती कंपनीला न विचारता विकताही येते. तीस-पस्तीस वर्षे लेजरांत डोके घातलेल्या माणसाला अशी वही मोह पाडणारच.

पण ठेवपावती म्हणजे काय, हे बँकेने मला शिकवले आहे. पावती हा कागद. त्याला मोल येते ते पलीकडे खिडकी उघडी असते आणि आत बसलेला माणूस पैसे मोजून देतो म्हणून. ‘एफ-वन डेल्टा टाइम’ हा मोटारशर्यतीचा खेळ पाहा. २०१९ साली त्यातली एक मोटार एक लाख डॉलरहून अधिक किमतीला विकली गेली. मार्च २०२२ मध्ये कंपनीला शर्यतींच्या नावाचा परवाना पुन्हा मिळाला नाही आणि खेळ बंद पडला. वहीतली नोंद शाबूत राहिली. धावपट्टी मात्र नाहीशी झाली. कंपनीने बदली म्हणून दुसऱ्या खेळातल्या वस्तू देऊ केल्या, हा तिचा चांगुलपणा. वहीने तो दिला नव्हता. एका खेळातली तलवार दुसऱ्या खेळात नेता येईल, हे आश्वासनही याच जातीचे. दुसऱ्या खेळाच्या कर्त्याने तिचे चित्र काढायला हवे, तिची धार ठरवायला हवी. त्याने ते का करावे?

इथवर प्रश्न हौसेचा होता. ‘ॲक्सी इन्फिनिटी’ने तो पोटाशी नेऊन भिडवला. व्हिएतनामच्या स्काय मेव्हिस कंपनीचा हा खेळ. करोनाच्या काळात फिलिपिन्समध्ये कामधंदा गमावलेली माणसे तो पोटासाठी खेळू लागली. सुरुवातीला तीन प्राणी विकत घ्यावे लागत. ज्यांना ते परवडत नसत, ते दुसऱ्याचे प्राणी वाट्याने खेळवीत आणि मिळकतीतला हिस्सा मालकाला देत. जमीन मालकाची, घाम कुळाचा; नाते ओळखीचेच! त्यांना मजुरी म्हणून मिळणारे टोकन २०२१ मध्ये तीस सेंटांच्या वर गेले होते. पण खेळणारा जिंकेल तितके टोकन नवे जन्माला येई, आणि ते मुख्यतः खर्ची पडे नव्या प्राण्यांच्या पैदाशीत, म्हणजे नवा खेळाडू येईल या भरवशावर. नवे येणे मंदावले आणि २०२२ च्या मध्यापर्यंत ते टोकन एका सेंटाच्याही खाली घसरले. वहीत एकही चूक नव्हती. बाजारच पोकळ होता.

किल्ल्यांची कथा याच खेळातली. खेळाडूंचा पैसा ज्या ‘रोनिन’ जाळ्यातून जा-ये करी, त्याच्या तिजोरीला नऊ किल्ल्या होत्या. पाच जमल्या की दार उघडे. त्यांतल्या चार एकट्या स्काय मेव्हिसच्या हाती. पाचवी दुसऱ्या मंडळाची, पण नोव्हेंबर २०२१ मध्ये कामाचा ताण वाढला म्हणून त्या मंडळाने आपल्या वतीने सही करण्याची मुभा कंपनीला दिली. डिसेंबरमध्ये ती व्यवस्था संपली. मुभा काढून घ्यायची मात्र राहून गेली. २३ मार्च २०२२ रोजी चोरांनी त्याच वाटेने सुमारे ६२ कोटी डॉलर पळवले. अमेरिकेच्या एफबीआयने पुढे उत्तर कोरियाच्या ‘लाझारस’ टोळीकडे बोट दाखवले. पण मला खरा धक्का बसला तो पुढच्या तपशिलाने. चोरी उघड झाली सहा दिवसांनी, एका ग्राहकाला आपले पैसे काढता येईनात तेव्हा! आमच्याकडे रोज संध्याकाळी कॅश टॅली झाल्याशिवाय कोणी घरी जात नसे. सगळ्या जगाला दिसणाऱ्या वहीकडे सहा दिवस कोणी पाहिले नाही.

खेळाडूंची भरपाई अखेर कंपनीने स्वतःच्या आणि नव्या गुंतवणूकदारांच्या पैशातून केली. म्हणजे ज्या मध्यस्थाची गरज उरणार नव्हती, तोच शेवटी उपयोगी पडला.

मग या तंत्राचा उपयोग शून्य का? नाही. मालकीची नोंद परस्पर बदलता येत नाही, चोरीचा माग उघड वहीत काढता येतो, हे लाभ खरेच आहेत. पण ‘काउंटर-स्ट्राइक’मधल्या रंगीत बंदुकांचा बाजार कंपनीच्या साध्या वहीवर वर्षानुवर्षे चालतो आहे. त्याच व्हॉल्व्ह कंपनीने ऑक्टोबर २०२१ मध्ये आपल्या ‘स्टीम’ दुकानात ब्लॉकचेनच्या खेळांना बंदी केली.

म्हणून घरातल्या मुलाने अशा खेळासाठी पैसे मागितले, तर वही किती पक्की आहे हे विचारत बसू नये. विचारावे ते तीनच प्रश्न. किल्ल्या कोणाकोणाकडे आहेत? आपल्याला मिळणारा पैसा कोणाच्या खिशातून येतो? आणि उद्या पावती घेऊन गेलो, तर खिडकीत कोणी बसलेले असेल का?

त्या दिवशी हेड कॅशियर तासाभरात परत आले आणि त्यांनी आपली किल्ली मागून घेतली. दोन किल्ल्यांना अर्थ होता तो त्यांच्या त्या परत येण्याने.