थांबलेला काटा

गेले अकरा आठवडे माझे वजन ८३ किलो आणि काही ग्रॅम आहे. ते काही ग्रॅम रोज बदलतात. ८३ बदलत नाही. आमच्या घरच्या वजनकाट्याला आता काटाच उरलेला नाही, काचेवर नुसते आकडे उमटतात. तरीही 'काटा हलत नाही' हीच तक्रार मी रोज सकाळी करतो आणि पत्नी ती रोज सकाळी ऐकते.

मागच्या वर्षीच्या फेब्रुवारीत माझी तीन महिन्यांची साखर ७.१ आली तेव्हा मी ९६ किलोचा होतो. मधुमेहाने आईचे उजवे पाऊल गेले. तिच्या शेवटच्या दोन वर्षांत त्या जखमेचे ड्रेसिंग मीच करीत असे. त्यामुळे डॉक्टरांना मला फारसे काही समजावून सांगावे लागले नाही. रोज पहाटे रंकाळ्याला फेरी सुरू झाली. भात निम्म्यावर आला, गूळ बंद झाला, रविवारच्या मटणातला रस्सा वाटीपुरता उरला. कोल्हापूरच्या माणसाला हे शेवटचे कलम किती जड जाते, हे बाहेरच्यांना सांगून कळायचे नाही. पहिल्या तीन आठवड्यांत चार किलो उतरले. पुढे वेग मंदावला, पण उतरण चालू राहिली, आणि मग एक दिवस सगळे थांबले.

या थांबण्याला आरोग्याच्या पुस्तकांत 'पठार' म्हणतात. इंग्रजीतल्या शब्दाचे हे सरळ भाषांतर आहे आणि त्यात एक गंमत आहे. आमच्याकडे पठार म्हणजे अडथळा नव्हे. पन्हाळ्याच्या पुढे मसाई पठार आहे. चढण संपल्यावर माणूस तिथे पोहोचतो, श्वास घेतो, वारा अंगावर घेतो. पठारावर गुरे चरतात, पावसाळ्यात फुले येतात. पठारावर अडकलो असे कोणी म्हणत नाही. वजनाच्या बाबतीत मात्र हाच शब्द अपयशाचा निर्देश करतो, कारण तिथे सगळी कथा उतरणीचीच असावी अशी अपेक्षा असते. 'आधी' आणि 'नंतर' अशी दोन छायाचित्रे शेजारीशेजारी छापली जातात. मधल्या काळाचे छायाचित्र कोणी काढत नाही. कथनशास्त्र शिकवणाऱ्या माझ्यासारख्या माणसाला हे लगेच लक्षात यायला हवे होते. ज्या कथेत काही घडत नाही ती सांगता येत नाही, आणि जी सांगता येत नाही तिच्यात जगणाऱ्याला आपण कथेबाहेर फेकले गेलो असे वाटू लागते.

आपली भाषाही इथे फारशी मदत करीत नाही. मराठीत 'भरलेला' हा कौतुकाचा शब्द आहे, 'खात्यापित्या घरचा' हीदेखील प्रशस्तीच. 'उतरलास' हा चिंतेचा उद्गार. चेहरा उतरतो, भाव उतरतो, नशाही उतरते. शब्दाला वजन असते, आणि ते कमी व्हावे अशी इच्छा कोणी धरीत नाही. अशा भाषेत वजन उतरवायला निघालेल्या माणसाला आधी सहानुभूती मिळते, मग थोडे कौतुक, आणि काटा थांबला की संशय. माझ्या वाट्याला तिन्ही आले. विभागातल्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी चहाच्या वेळी हसत हसत विचारले, 'सर, कुठेतरी खात असणार तुम्ही!' मी त्या दिवशी खरोखर दुखावलो.

दुखावलेला प्राध्यापक वाचायला बसतो. मीही बसलो. आणि जे वाचले त्यातून माझी बाजू भक्कम होते आहे असे प्रथम वाटले. सुरुवातीला भराभर उतरते ते बरेचसे पाणी असते. स्नायू आणि यकृतात साठवलेल्या ग्लायकोजेनच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर साधारण तीन ग्रॅम पाणी असते, आणि साठा संपू लागला की तेही जाते. म्हणजे माझे पहिले चार किलो ही मुळातच फसवी प्रस्तावना होती. पुढे शरीर लहान होते, लहान शरीराला ऊर्जा कमी लागते आणि हलके शरीर रंकाळ्याभोवती फिरवायलाही कमी खर्च येतो. शिवाय शरीर त्या हिशेबापलीकडेही काटकसर करते. अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात १९४४-४५ मध्ये अ‍ॅन्सेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवले होते. हे तरुण स्वेच्छेने आलेले, युद्धात शस्त्र धरायला नकार दिलेले. त्यांचे वजन सुमारे चतुर्थांशाने घटले, पण विश्रांतीच्या अवस्थेतला ऊर्जाखर्च त्याहून कितीतरी जास्त, सुमारे ४० टक्क्यांनी घटला. ते चिडचिडे झाले, दिवसभर अन्नाचाच विचार करू लागले, आणि त्यांच्यातले काही चक्क पाककृतींची पुस्तके जमवू लागले. (वाचनाभिरुचीचा अभ्यास करणाऱ्यांनी हा तपशील नोंदवून ठेवावा.) अलीकडे, २०१६ मध्ये, केव्हिन हॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वजन घटवण्याच्या एका दूरचित्रवाणी स्पर्धेतल्या १४ स्पर्धकांना सहा वर्षांनी पुन्हा तपासले. बहुतेकांचे बरेचसे वजन परत आले होते, पण शरीराची काटकसर गेली नव्हती. त्यांच्या आकारमानाच्या माणसाला जेवढी ऊर्जा लागावी त्यापेक्षा ते दिवसाला सुमारे ५०० किलोकॅलरी कमीच खर्च करीत होते. उलट भूक मात्र वाढते. हॉल यांच्याच दुसऱ्या एका अभ्यासानुसार, घटलेल्या प्रत्येक किलोमागे दिवसाला सुमारे १०० किलोकॅलरींची.

एवढे वाचून मी सहकाऱ्यांना उत्तर द्यायला सिद्ध झालो होतो. तेवढ्यात १९९२ सालचा एक शोधनिबंध हाती लागला. काहीही केले तरी आमचे वजन उतरत नाही, असे सांगणाऱ्या लोकांचा तो अभ्यास होता. त्यांच्या चयापचयात काही दोष आढळला नाही. आढळले ते असे, की ही माणसे स्वतःच्या खाण्याची नोंद प्रत्यक्षापेक्षा जवळजवळ निम्म्याने कमी करीत होती आणि हालचालींची नोंद निम्म्याने जास्त.

मी माझी वही काढली. फेब्रुवारीपासून मी रोजचे खाणे लिहून ठेवत असे; अक्षर सुवाच्य, तारखा बिनचूक. आता ती मी पहिल्यांदाच एखादी संहिता वाचावी तशी वाचली. मार्च महिन्यात 'दोन भाकऱ्या, मेथी, ताक एक पेला' अशी नेमकी भाषा आहे. जुलैपासून 'नेहमीप्रमाणे' हा शब्द येतो आणि मग तोच राहतो. 'नेहमीप्रमाणे' या शब्दाच्या पोटात काय काय दडले होते! पीएच.डी.च्या मौखिक परीक्षेनंतरची मिसळ. तिचा पाव मी खात नसे, म्हणून ती नोंदीला पात्र नव्हती. रस्सा मिठाला पाहण्यासाठी घेतलेले चार चमचे. उत्तरपत्रिका तपासताना हाताशी असलेले शेंगदाणे. यातले काहीही मी लपवले नव्हते, हे मी शपथेवर सांगेन. वर्गात मी 'अविश्वसनीय निवेदक' ही संकल्पना वीस वर्षे शिकवतो आहे, आणि विद्यार्थ्यांना बजावून सांगतो की असा निवेदक खोटारडा असेलच असे नाही. त्याला फक्त स्वतःकडे पाहायला स्वतःपेक्षा दुसरी जागा नसते.

म्हणजे सहकारी बरोबर होते. मी कुठेतरी खात होतोच. तरीही त्यांचे म्हणणे मला आजही मान्य नाही, आणि हा लेख लिहिण्याचे कारण तेच आहे. 'खाता आहात' हे तथ्य झाले. ते ज्या सुरात सांगितले गेले, त्यात तथ्यापेक्षा निकाल अधिक होता. भूक वाढलेली, खर्च आटलेला, आणि लक्ष देण्याची शक्ती महिन्यामागून महिने ताणलेली, अशा माणसाच्या वहीतली भाषा ढिली होणे हा चारित्र्याचा दोष नव्हे. थकव्याच्या पहिल्या खुणांपैकी ती एक आहे. विद्यार्थ्याची प्रगती खुंटली की आपणही हेच करतो. पहिल्या सत्रात चढणारे गुण दुसऱ्या सत्रात स्थिरावले, की 'अभ्यास करीत नसणार' हे आपले तयार निदान. कित्येकदा ते खरेही असते, आणि तरी निरुपयोगी असते.

या शहराला वजनाचे शास्त्र नवे नाही, हे मला त्या काळात पुनःपुन्हा आठवत होते. खाशाबा जाधव राजाराम महाविद्यालयाचे विद्यार्थी. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ते ५२ किलोच्या गटात लढले आणि सहावे आले. १९५२ मध्ये हेलसिंकीला ५७ किलोच्या गटात त्यांनी कांस्यपदक जिंकले. हेलसिंकीच्या प्रवासासाठी प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचे घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले, ही हकीकत कोल्हापुरात शाळकरी मुलालाही ठाऊक असते. वरच्या गटात गेल्याची बाब मात्र क्वचितच कोणी उच्चारतो. याच्या उलट टोकाला ७ ऑगस्ट २०२४ ची पॅरिसमधली सकाळ आहे. आदल्या दिवशी तीन कुस्त्या जिंकून अंतिम फेरीत पोहोचलेली विनेश फोगट ५० किलोच्या मर्यादेपेक्षा १०० ग्रॅम अधिक भरली आणि अपात्र ठरली. तिने रात्रभर घाम गाळला होता, केसही कापले होते. त्या दिवशी आमच्या विभागात व्याख्याने झाली नाहीत. सगळे १०० ग्रॅमवर बोलत होते. तिच्या शिस्तीविषयी शंका घेण्याचे धैर्य आमच्यापैकी एकालाही झाले नाही. काटा शरीराचे सगळे सत्य सांगत नाही, एवढे त्या दिवशी आम्हा सर्वांना कळत होते.

गंगावेशीत दूधकट्ट्यावर एक निवृत्त वस्ताद मला अधूनमधून भेटतात. ते स्वतः आता मधुमेही आहेत. तालमीत हजार जोर मारणाऱ्या शरीराला बदाम, तूप, थंडाई सगळे पचते. आखाडा सुटला की शरीर तेच मागत राहते. 'मेहनत सुटली की खुराक बी सोडाय लागतोय, सर. पर जिभंला कोन सांगनार?' असे ते म्हणाले तेव्हा मला हॉल यांचा शोधनिबंध आठवला. वस्तादांच्या बोलण्यात मला एक गोष्ट विशेष वाटली. वजन 'राखणे' हे क्रियापद ते सहज वापरतात. तालमीत उतरवणे, चढवणे आणि राखणे ही तीन वेगवेगळी कामे मानली जातात, आणि तिसऱ्या कामाला कोणी आळस म्हणत नाही.

राखण्याचे महत्त्व मला उशिरा कळले. नवव्या आठवड्यात मी चिडून रात्रीचे जेवण बंद केले आणि सकाळचे निम्मे केले. बाराव्या दिवशी एम.ए.च्या वर्गात फळ्याकडे वळताना डोळ्यांपुढे अंधारी आली आणि पहिल्या बाकावरच्या मुलीने मला धरून खुर्चीवर बसवले. माझ्या गोळ्या चालू असताना असे करणे धोक्याचे होते. डॉक्टर रागावले, आणि रागावणे हे त्यांचे कामच होते. मग त्यांनी रक्ताचा अहवाल माझ्यापुढे सरकवला. तीन महिन्यांची साखर ६.१ होती. काटा थांबलेला असतानाच्याच काळात ती आणखी उतरली होती.

इथे पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या कामाची आठवण होते. २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये त्यांनी आणि लंडनच्या जॉन युडकिन यांनी एक छायाचित्र प्रसिद्ध केले. दोघे शेजारीशेजारी उभे, दोघांचा बॉडी मास इंडेक्स सारखाच २२.३, पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. आकडा एक, शरीरे दोन. 'आधी' आणि 'नंतर'च्या छायाचित्रांपेक्षा हे छायाचित्र आपल्या महाविद्यालयांतून लावावे, असे मला फार वाटते.

यावर कोणी म्हणेल की हे सगळे थांबलेल्या माणसाचे समर्थन आहे. असेलही थोडेसे. मला अजून पाच किलो उतरवायचे आहेत, ते मी नाकारत नाही. परंतु सध्या ज्या नव्या इंजेक्शनांचा बोलबाला आहे आणि जी २०२५ पासून भारतातही मिळतात, ती घेणाऱ्यांचे वजनही साधारण वर्षभराने स्थिरावते, आणि औषध थांबवल्यावर बऱ्याच जणांचे बरेचसे परत येते. तेव्हा पठार सर्वांनाच लागते, कुणाला नव्वदीत, कुणाला सत्तरीत. तिथे पोहोचलेल्या माणसाशी आपण कसे बोलतो यावर तो तिथे टिकतो की मागे घसरतो हे पुष्कळ अंशी ठरते, असे माझे मत आहे, आणि घरात एक पाऊल गमावलेले पाहिल्यानंतर मी ते सौम्यपणे मांडू शकत नाही.

सध्या वहीत 'नेहमीप्रमाणे' हा शब्द वर्ज्य केला आहे. चालण्याच्या जोडीला आठवड्यातून तीनदा वजने उचलतो. वस्तादांनी दाखवलेल्या बैठका अजून वीसच जमतात. गेल्या आठवड्यात महाद्वार रोडला शिंप्याकडे जुनी पँट कमरेत आवळायला टाकली. त्याने टेप लावला, उन्हाळ्यातले माप चोपडीत शोधले आणि दीड इंच कमी भरल्याचे सांगितले. ८३ किलोच्या त्याच माणसाचे. 'सर, जास्तीचं कापड कापू का आत ठेवू?' त्याने विचारले. मी आत ठेवायला सांगितले.