त्याची चूक, तिचा गुन्हा

दिवाळीत माहेरी, दिंद्रुडला गेले होते. दुपारची भांडी आटोपली की भाची मोबाइल घेऊन बसायची आणि तिच्याभोवती आम्ही चौघी. कोरियन मालिका होती, २०२० सालची 'द वर्ल्ड ऑफ द मॅरीड'. खालच्या ओळी वाचून भाची आम्हाला मराठीत सांगत होती. डॉक्टर बायको, नवऱ्याचं बाहेर लफडं, आणि त्याहून वाईट म्हणजे तिच्या मित्रमैत्रिणींना ते आधीच ठाऊक. शेजारच्या मावशी म्हणाल्या, "बायकुलाच शेवटी कळतंय. तिकडं बी असंच व्हय?"

मैत्रिणींनो, नवऱ्याचं गुपित आपल्याला नवं नाही. 'उंबरठा' (१९८२) आठवा, 'कळत नकळत' (१९८९) आठवा. 'माझ्या नवऱ्याची बायको' तर २०१६ पासून २०२१ पर्यंत आपण रोज जेवताना पाहिली, हसत हसत पाहिली! गुपित बायकोचं असलं की मात्र हसू येत नाही.

महेश मांजरेकरांचा 'अस्तित्व' (२०००) पुन्हा पाहा. पुण्यातलं सुखवस्तू घर. संगीत शिकवणारे मास्तर वारतात आणि आपली इस्टेट अदितीच्या नावे करून जातात. नवऱ्याला संशय येतो, जुन्या डायऱ्या निघतात. कामाच्या निमित्ताने तो सतत फिरतीवर असताना, पंचवीसेक वर्षांपूर्वी ती एकदा ढळलेली असते आणि मुलगा त्या मास्तरांचा असतो. तिने तेव्हाच सांगायचा प्रयत्न केलेला, पण बाप होणार या आनंदात त्याने ऐकूनच घेतलं नाही. फिरतीवर त्याने स्वतः काय काय केलं, त्याचा हिशेब कोणीच मागत नाही. तो तीच मागते, आणि घर सोडते. तब्बूचं ते शेवटचं बोलणं ऐकताना मला आजही घसा दाटून येतो.

पडद्यावरचा हा दुहेरी न्याय कायद्यातही होता. १८६० च्या दंडसंहितेतलं ४९७ कलम परपुरुषाला पाच वर्षांपर्यंत शिक्षा देई, पण तक्रार करायची नवऱ्याने. नवऱ्याची संमती असेल तर गुन्हाच नाही. म्हणजे बायको ही जणू त्याच्या मालकीची वस्तू! आणि नवरा बाहेर गेला तर बायकोला तक्रारीचा हक्कच नव्हता. कोरियात दोघांनाही तुरुंग होता. तिथल्या घटनात्मक न्यायालयाने तो कायदा २०१५ मध्ये रद्द केला, आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २७ सप्टेंबर २०१८ रोजी ४९७ रद्द केलं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या न्याय संहितेतही हा गुन्हा ठेवलेला नाही. घटस्फोटाचं कारण मात्र तो दोघांसाठीही आहे.

हे मी सांगत होते तेव्हा मावशी गप्प झाल्या. मग हळूच म्हणाल्या, त्यांच्या बहिणीच्या लेकीला नवऱ्याने माहेरी धाडलंय. दुसरी घरात आणलीय. पोटगी मागितली तर म्हणतो, "कोर्टात तुझंच नाव घेईन, पोरगं माझं नाही म्हणीन."

ही धमकी आपल्याकडे फार चालते, म्हणून नीट सांगते. बायको व्यभिचारात राहत असेल तर पोटगी मिळत नाही, ही अट नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या १४४ व्या कलमात अजून आहे. नवऱ्यासाठी तशी अट नाही, हे मला खटकतंच. पण 'राहत असेल' याचा अर्थ सतत चाललेला संबंध, असं अनेक उच्च न्यायालयांनी सांगितलंय. एखादी जुनी चूक किंवा नुसता संशय पुरत नाही, आणि सिद्ध त्यालाच करावं लागतं. उलट त्याने दुसरी ठेवली असेल, तर वेगळं राहून पोटगी मागायला बायकोला ते रास्त कारण मानलं जातं. मुलाचं म्हणाल तर संसार चालू असताना जन्मलेलं मूल कायद्याने नवऱ्याचंच धरतात. नुसत्या आरोपावरून मुलाची डीएनए चाचणी ऊठसूट करू नये, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये बजावलंय.

"आकडा काय म्हणलीस?" मावशींनी विचारलं. भाचीच्या वहीचं पान फाडून मी मोठ्या अक्षरात १४४ लिहिलं. त्याच्या चार घड्या घालून मावशींनी ते बटव्यात ठेवलं आणि म्हणाल्या, "लाव गं पुढचं. त्या डाक्टरनीनं काय केलं बघू."