जहाजाची सहल, पण ठाणे कोणाचे?

कापडाच्या धंद्यात 'स्कीम' हा शब्द नवा नाही. ठरलेल्या रकमेचा माल उचलला की पूर्वी मनगटी घड्याळ मिळायचे, मग स्टीलच्या भांड्यांचा सेट, पुढे मोटारसायकल. आता बक्षिसाची तऱ्हा बदलली आहे. मुंबईहून गोव्याला किंवा सिंगापूरहून मलेशियाकडे जाणाऱ्या मोठ्या प्रवासी जहाजावर जोडप्याने तीन-चार दिवसांची सहल, असे रंगीत पत्रक हाती पडते. कापडवाल्यांनाच नव्हे, तर रंग, सिमेंट आणि फरशीचा व्यापार करणाऱ्यांनाही. चंद्रपूरच्या गोल बाजारापासून वडसा, आरमोरी, आलापल्लीपर्यंतच्या दुकानांत आता या जहाजांची चर्चा होते. ज्यांनी समुद्र फक्त मुंबईच्या खरेदीला गेल्यावर चौपाटीवरून पाहिला, ते आज त्यावर चार रात्री झोपायला निघाले आहेत.

असेच एक पत्रक आम्हालाही आले. सहल ठरवणाऱ्या एजंटाला आम्ही तीन साधे प्रश्न विचारले. हे जहाज कोणत्या देशात नोंदलेले आहे? जहाजावर चोरी झाली किंवा आमच्या लेकी-सुनांशी कोणी गैरवर्तन केले, तर तक्रार कोठे करायची? रात्री दोन वाजता काही घडले, तर दार कोणाचे ठोठवायचे? त्या भल्या माणसाने जेवणाची यादी वाचून दाखवली, हलाल जेवणाची सोय होईल असेही सांगितले. या तीन प्रश्नांवर मात्र तो म्हणाला, "चाचा, आजपर्यंत हे कोणी विचारलेच नाही."

व्यापारी बंधूंनो, हीच आमची चिंता आहे. दोन हजारांचा माल उधार देताना आपण गिऱ्हाईकाच्या सात पिढ्यांची चौकशी करतो, आणि बायका-मुलांसह जीव ज्याच्या हवाली करतो त्याला एक प्रश्न विचारत नाही.

सरळ सांगायचे तर जहाजावरची सहल वाईट, असे आम्हाला म्हणायचे नाही. दरवर्षी जगभरात लाखो माणसे अशा जहाजांवर जातात आणि सुखरूप परततात. जहाजावर दारू आणि जुगार असतो, म्हणून जाऊ नये, असे सांगणारे सांगतील आणि ते चूक नाही. पण तेवढे बोलून आम्हाला थांबायचे नाही. आपण दारूला हात लावला नाही, तरी शेजारच्या खोलीतला माणूस लावतोच. दोन-तीन हजार माणसे जेथे रात्रंदिवस एकत्र राहतात ते एक गावच असते. गावात चोर असतात, दारुडे असतात, वाईट नजरेचे असतात. फरक एवढाच की या गावात पोलीस ठाणे नाही.

आपल्या भागातलेच उदाहरण घ्या. ताडोबात मोहर्लीच्या फाटकातून जिप्सी आत सोडताना वनखाते प्रत्येकाचे नाव आणि ओळखपत्र तपासते. गाडीत गाइड असतो, बाहेर पडण्याची वेळ ठरलेली असते, गाडीतून खाली उतरायला बंदी असते. वाघाचे जंगल असले तरी तेथे हुकूम कोणाचा चालतो हे सर्वांना ठाऊक असते. काही घडले तर सरकारी अधिकारी आहे आणि पलीकडे पोलीस ठाणे आहे. जहाजावर सुरक्षेची माणसे असतात, पण ती कंपनीची नोकर असतात. त्यांचा पगार ज्या गल्ल्यातून येतो, त्याच गल्ल्याविरुद्ध तुमची तक्रार असते. प्रामाणिक माणसे तेथेही असतील, पण नोकर आणि पोलीस यांत फरक राहतोच.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. किनाऱ्यापासून 12 सागरी मैल, म्हणजे सुमारे 22 किलोमीटरपर्यंत भारताची हद्द आहे. त्यापुढे खुल्या समुद्रात मुख्यतः ज्या देशाचा झेंडा जहाजावर आहे, त्या देशाचा कायदा चालतो. जगातली बरीच मोठी प्रवासी जहाजे बहामा, पनामा, माल्टा अशा देशांत नोंदलेली असतात. कंपनी अमेरिकेची, नोंदणी बहामाची, नोकर दहा देशांचे आणि प्रवासी चंद्रपूरचा, असा हा मामला असतो. भारतीय न्याय संहिता 1 जुलै 2024 पासून लागू आहे. तिच्याप्रमाणे भारतात नोंदलेल्या जहाजावर, ते कोठेही असो, आपलाच कायदा चालतो. भारतीय नागरिकाने परदेशी जहाजावर गुन्हा केला तरी त्याच्यावर येथे खटला होऊ शकतो, मात्र त्यासाठी केंद्र सरकारची मंजुरी लागते. पण जहाज परदेशी, गुन्हेगार परदेशी आणि जागा खुला समुद्र असेल, तर आपल्या पोलिसांचे हात बहुतेक बांधलेलेच राहतात. म्हणून जहाज कोणत्या देशात नोंदलेले आहे, हा आमचा पहिला प्रश्न होता.

ही नुसती शंका नव्हे. अमेरिकेसारख्या देशालाही यासाठी वेगळा कायदा करावा लागला. 2004 साली अलास्काच्या सहलीला गेलेली एक स्त्री जहाजावरून नाहीशी झाली. तिच्या वडिलांनी पाठपुरावा केला, तिच्यासारखी इतर कुटुंबे गोळा केली आणि संघटना उभी केली. अखेर 2010 साली तेथे जहाजांच्या सुरक्षेचा कायदा झाला. कठडा किमान 42 इंच उंच हवा, खोलीच्या दाराला बाहेरचा माणूस दिसेल असे भिंग हवे, अत्याचार झालेल्या स्त्रीच्या तपासणीची व औषधांची सोय जहाजावर हवी, आणि गंभीर गुन्ह्याची खबर केंद्रीय तपास यंत्रणेला दिलीच पाहिजे, अशा अटी त्यात आहेत. या गुन्ह्यांचे आकडेही सरकार प्रसिद्ध करते, आणि त्यांत लैंगिक अत्याचाराच्या तक्रारी ठळक असतात. पण हा कायदा अमेरिकेच्या बंदरांत प्रवासी घेणाऱ्या किंवा उतरवणाऱ्या जहाजांना लागू आहे. मुंबई-गोवा किंवा सिंगापूरच्या जहाजावर गेलेल्या आपल्या माणसाला त्याचा आधार मिळत नाही.

जुलै 2023 च्या अखेरीस सिंगापूरजवळ एका प्रवासी जहाजावरून एक वयस्क भारतीय महिला समुद्रात पडली आणि मरण पावली. पती सोबत होते. बाई जहाजावरच कोठे आहे की समुद्रात पडली, हे कळण्यासाठी कुटुंबाला कंपनीकडे कॅमेऱ्याचे चित्रण मागावे लागले, सरकारकडे जाहीर विनंती करावी लागली. पुढे भारतीय उच्चायुक्तालयाने लक्ष घातले आणि चित्रण पाहिल्यावर कुटुंबाने ते कटू सत्य स्वीकारले. हा गुन्हा नव्हता. पण अपघातातही पुरावा कंपनीच्या कपाटात असतो आणि घरच्यांना तो मागावा लागतो, हे त्यातून दिसले.

दुसरी गोष्ट आपल्या मुंबईचीच आहे, आणि ती आपल्या समाजातल्या तरुणांनी विसरू नये. 2 ऑक्टोबर 2021 रोजी मुंबईहून गोव्याकडे निघणाऱ्या कॉर्डेलिया जहाजाच्या प्रवाशांवर अमली पदार्थविरोधी खात्याने कारवाई केली. त्या प्रकरणात 20 जणांना अटक झाली. त्यांत शाहरुख खान यांचे चिरंजीव आर्यन खान होते. त्यांच्याजवळ काही सापडले नव्हते. मुंबई उच्च न्यायालयाने 28 ऑक्टोबरला जामीन मंजूर केला आणि 30 तारखेला ते ऑर्थर रोड तुरुंगातून बाहेर आले. 27 मे 2022 रोजी आरोपपत्र दाखल झाले ते 14 जणांविरुद्ध. आर्यन खान यांच्यासह सहा जणांविरुद्ध पुरेसा पुरावा नाही म्हणून त्यांची नावे त्यात आली नाहीत.

बंधूंनो, याचा विचार करा. देशातले नामांकित वकील ज्याच्या पाठीशी उभे होते, त्यालाही जवळजवळ चार आठवडे कोठडीत काढावे लागले. चंद्रपूरच्या कापड दुकानदाराच्या किंवा गडचिरोलीच्या शिंप्याच्या मुलावर अशी वेळ आली, तर मुंबईत त्याचा वाली कोण? निर्दोष सुटेपर्यंत दुकानाची पत जाते, बहिणीचे जमलेले लग्न मोडते, आणि सुटल्याची बातमी छापून येते ती कोपऱ्यात. म्हणून सुरक्षितता म्हणजे केवळ चोर-गुंडांपासून बचाव नव्हे. चुकीच्या सोबतीपासून आणि खोट्या संशयापासून बचाव हाही तिचाच भाग आहे. दुसऱ्याची बॅग 'जरा धरा' म्हणून हाती घेऊ नये, अनोळखी माणसाचे पाकीट पोचवू नये. अमली पदार्थांच्या 1985 च्या कायद्यात कलम 50 खाली, अंगझडती राजपत्रित अधिकारी किंवा दंडाधिकाऱ्यासमोर घ्यावी असे मागण्याचा हक्क आहे. अटक झाली तर वकिलाचा सल्ला घेण्याचा आणि 24 तासांत दंडाधिकाऱ्यापुढे उभे केले जाण्याचा हक्क राज्यघटनेने दिला आहे. कोठडीतल्या माणसाला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. हे आपल्या मुलांना पाठ असले पाहिजे.

जहाजाची सफर आपल्या समाजाला नवी नाही. 1995 पर्यंत हजचे यात्रेकरू मुंबईहून जेद्दाहला जहाजाने जात. आमच्या वडीलधाऱ्यांनी त्या सफरीच्या हकिकती सांगितल्या आहेत. वादळ होते, आजारपण होते, गर्दी होती. पण माणूस एकटा नव्हता. काफिला होता, एकमेकांची ओळख होती, कोण कोठे झोपला आहे याची खबर होती. तिघे जण सफरीला निघाले तर एकाला अमीर करावे, अशी हदीसची शिकवण आहे. ती आपण नमाजपुरती आणि हजपुरती समजतो. खरे तर ती सफरीच्या हिफाजतीची तरतूद आहे. स्कीमच्या सहलीला पाच दुकानदार आपापल्या घरच्यांसह निघाले, तर त्यांनीही एक अमीर नेमावा. सर्वांच्या खोल्यांचे क्रमांक, कागदपत्रांच्या प्रती आणि घरचे फोन नंबर त्याच्याजवळ असावेत. रात्री सर्व जण परतले की नाही, हे त्याने पाहावे. मुलांना आणि तरुण मुलींना एकटे सोडू नये, पण त्यांना कोंडूनही ठेवू नये. अडचण आली तर न लाजता सांगा, तुमचा विश्वास धरला जाईल, एवढा भरवसा त्यांना आधी द्यावा. आपल्या घरांत अब्रूच्या नावाखाली तक्रार गिळली जाते, आणि गुन्हेगाराला नेमके तेच हवे असते.

आता व्यवहाराचे बोलू. पैसे भरण्याआधी जहाजाची नोंदणी, विमा आणि तक्रारीची व्यवस्था एजंटाकडून लेखी घ्या. इंग्रजीतला करार न वाचता सही करू नका. गावातल्या वकिलाकडून किंवा शिकलेल्या पोराकडून तो समजून घ्या. रोकड आणि दागिने घरी ठेवा. खोलीत शिरताच दाराची आतली कडी पाहा, दार ओळखीशिवाय उघडू नका, रात्री कठड्याशी एकटे उभे राहू नका.

काही घडलेच तर तक्रार तत्काळ आणि लेखी करा, तिची प्रत घ्या, आणि कॅमेऱ्याचे चित्रण जपून ठेवा असे त्याच कागदात लिहा, कारण ते कायम राहत नाही. अत्याचाराचा प्रकार असेल तर कपडे धुऊ नका, डॉक्टरांची तपासणी लगेच करून घ्या. परदेशात असाल तर भारतीय वकिलातीला कळवा. आपल्या किनाऱ्याजवळ असाल तर तटरक्षक दलाचा 1554 आणि पोलिसांचा 112 हे नंबर जवळ ठेवा. जमिनीवर पाय ठेवताच पहिल्या ठाण्यात जा. 'आमची हद्द नाही' हे उत्तर ऐकून परत फिरू नका. दखलपात्र गुन्ह्याची खबर, जागा कोणाच्याही हद्दीतली असो, नोंदवून घ्यावी, असे नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 मध्ये स्पष्ट आहे. तिची प्रत मोफत मिळते. ठाण्याने नाकारले तर पोलीस अधीक्षकांकडे लेखी अर्ज करा, तेथेही दाद नाही मिळाली तर दंडाधिकाऱ्यांकडे जा. आणि एजंटाने फसवले असेल, तर 2019 च्या ग्राहक कायद्याप्रमाणे आपण राहतो त्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते. त्यासाठी मुंबईच्या खेपा घालण्याची गरज नाही.

केंद्र सरकारने 30 सप्टेंबर 2024 रोजी 'क्रूझ भारत मिशन' सुरू केले आहे. प्रवासी वाढवायचे, बंदरे बांधायची, असा त्याचा हेतू आहे. चांगले आहे. पण भारतीय बंदरातून निघणाऱ्या प्रत्येक जहाजाला, झेंडा कोणाचाही असो, गुन्ह्याची खबर आपल्या पोलिसांना देणे आणि त्याचे आकडे जाहीर करणे बंधनकारक असावे. अमेरिका आपल्या बंदरांसाठी हे करू शकते, तर आपण का नाही? व्यापारी संघटनांनी ही मागणी खासदारांपर्यंत न्यावी. स्कीम देणाऱ्या कंपन्यांनाही सांगावे की, सहलीसोबत लेखी जबाबदारी द्या. नाही तर तेवढ्याच रकमेची सूट बिलात द्या.

आमच्या पत्रकाचे काय झाले, असे कोणी विचारील. तीन प्रश्नांची उत्तरे आम्ही लेखी मागितली आहेत. ती आली तर घरच्यांसह जाऊ, नाही आली तर सूट घेऊ. वैनगंगेच्या घाटावर डोंग्यात पाय ठेवताना आमचे वडील नावाड्याला विचारत, "मियाँ, नाव तुझी की दुसऱ्याची?" नाव मोठी झाली म्हणून हा प्रश्न लहान होत नाही.