पस्तिशीनंतर हात थरथरतात का?

प्रति,
अध्यक्ष, इंडियन नर्सिंग कौन्सिल, नवी दिल्ली
(आणि 2023 च्या कायद्याने कौन्सिलची जागा ज्याच्या नावावर केली, त्या राष्ट्रीय आयोगालाही)

विषय: नर्सिंग प्रवेशासाठीची 35 वर्षांची कमाल वयोमर्यादा रद्द करणे.

महोदय,

नियम तुम्हाला पाठ आहे, मलाही आहे. एएनएम: किमान 17, कमाल 35. जीएनएम: किमान 17, कमाल 35. बी.एस्सी. नर्सिंग: किमान 17, कमाल 35. 2021 मध्ये बी.एस्सी.ची नवी नियमावली राजपत्रात आली, वार्षिक परीक्षा गेल्या, आठ सेमिस्टर आल्या, विषयांची फेरमांडणी झाली. 35 जागचा हलला नाही. आणि 35 च का, याचे एका ओळीचेही कारण त्या नियमावलीत नाही.

निवेदने देऊन झाली. कुठे दिली ते लिहीत नाही. ज्यांनी ती वाचली नाहीत त्यांना ते ठाऊक आहे. म्हणून हे पत्र आता सगळ्यांसमोर.

मी आधी वॉर्डात स्टाफ नर्स होते, पुढे निवृत्तीपर्यंत ट्यूटर. प्रवेशाच्या दिवसांत कागदपत्रे तपासायला बसणे हे आमच्याच गळ्यात असे. दरवर्षी मुलींच्या रांगेत दोनचार बायका उभ्या असायच्याच. कुणी बारावीनंतर लग्न होऊन गेलेली, आता मुले मोठी झालेली. कुणाचा नवरा गेलेला. कुणी खासगी नर्सिंग होममध्ये वर्षानुवर्षे सलाईन लावणारी, ड्रेसिंग करणारी, डॉक्टर घरी गेल्यावर रात्रभर वॉर्ड सांभाळणारी, पण नोंदणी नसलेली. मार्कशीट बरोबर, दाखला बरोबर, जातीचे प्रमाणपत्र बरोबर. मग जन्मतारीख पाहायची आणि म्हणायचे, ताई, नाही होणार. कारण विचारले तर सांगायला माझ्याकडे काही नसे. तुमच्याकडे आहे का, एवढेच विचारायला हे लिहिते आहे.

शेजारच्या खात्यात काय झाले ते तुम्हाला मी सांगायला नको. एमबीबीएसच्या नीट परीक्षेला खुल्या प्रवर्गासाठी 25 आणि राखीव प्रवर्गासाठी 30 अशी मर्यादा होती. ती कोर्टकचेरीत अडकली आणि मार्च 2022 मध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगाने काढूनच टाकली. आज 50 वर्षांचा गृहस्थ नीट देऊन डॉक्टर होण्याच्या रांगेत उभा राहू शकतो. त्याच्या 36 वर्षांच्या भाचीला त्याच रुग्णालयात नर्स व्हायचे असेल तर ती थोराड ठरते. पन्नाशीत पोट फाडायला शिकता येते, छत्तिशीत टाके काढायला शिकता येत नाही. हे शरीरशास्त्र कोणत्या सेमिस्टरला शिकवतात?

दूर कशाला जाता, तुमच्याच नियमात पाहा. जीएनएमच्या पात्रतेत लिहिले आहे की एएनएम आणि एलएचव्ही (लेडी हेल्थ व्हिजिटर) यांना वयाची अट नाही. म्हणजे 45 वर्षांची एएनएम पुन्हा वर्गात बसू शकते, तीन वर्षे शिकू शकते, नाइट ड्युटीचे पोस्टिंग करू शकते, हे तुम्हाला मान्य आहे. मग वयाने मेंदू मंदावतो आणि गुडघे दुखतात ही सबब तुम्हीच निकालात काढलीत. उरते एवढेच, की जिला विशीत संधी मिळाली तिला चाळिशीत दुसरी संधी आहे, आणि जिला विशीत मिळाली नाही तिला कधीच नाही.

आता आशा, म्हणजे गावोगावच्या आरोग्य स्वयंसेविका. केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे आशा निवडताना बाई विवाहित, विधवा किंवा घटस्फोटित असावी आणि वय 25 ते 45 असावे असे पाहतात. हा नियम तुमचा नाही, पण ज्या आरोग्य मंत्रालयाच्या छत्राखाली तुम्ही आहात त्याचाच आहे. 40 व्या वर्षी ती आशा होते. बाळंतपण दवाखान्यात झाले तर 42 दिवसांत सहा वेळा आणि घरी झाले तर सात वेळा तिने त्या घरी जायचे. बाळाचे वजन घ्यायचे, ताप मोजायचा, अंगावरचे दूध नीट ओढतेय का ते पाहायचे, धोक्याची लक्षणे ओळखायची. हे सगळे मोबदल्यावर, पगारावर नाही. आशांना एएनएम, जीएनएमच्या प्रवेशात प्राधान्य द्या, असे केंद्राने राज्यांना सांगूनही झाले. पण प्राधान्य तिला मिळणार कसे? पस्तिशी ओलांडलेल्या आशेला तुमच्या दारातच उभे करत नाहीत. राबवून घ्यायला 45 पर्यंत चालते, शिकवायला 35 नंतर परवडत नाही, असाच याचा अर्थ होतो. वेगळा असेल तर सांगा.

हिशेब करू. 36 वर्षांची बाई एएनएमला बसली तर 38 व्या वर्षी बाहेर पडेल. 40 वर्षांची जीएनएमला बसली तर 43 व्या वर्षी. राज्य सरकारी सेवेतले निवृत्तीचे 58 हे वय धरले, तरी तिच्या हाती 15 वर्षे उरतात. पंधरा वर्षे काम करून देणाऱ्या नर्सला नाही म्हणण्याइतक्या नर्स आपल्याकडे उतू चालल्या आहेत का? सरकारनेच संसदेत दिलेला आकडा हजार लोकांमागे 1.96 नर्स असा होता, हवेत 3. ही तूट भरायला एप्रिल 2023 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने 157 नवी नर्सिंग कॉलेजे मंजूर केली. खर्च 1,570 कोटी, दरवर्षी सुमारे 15,700 पदवीधर अपेक्षित. उत्तम. इमारती जरूर बांधा. वयाची अट काढायला मात्र एक रुपया लागत नाही, एक परिपत्रक लागते. आणि परिपत्रक काढण्यात तुमचा हात कुणी धरत नाही: प्रवेशाची अंतिम तारीख पुढे ढकलणारी किती परिपत्रके आम्ही आजवर नोटीस बोर्डावर लावली! तारीख पुढे सरकते, वय सरकत नाही.

तुमच्या बाजूने काय म्हटले जाईल तेही ऐकून आहे. काम अंगमेहनतीचे आहे म्हणे. आहेच. पेशंट उचलून कूस बदलायची तर कंबर लागते. पण प्रवेशाच्या वेळी वैद्यकीय तंदुरुस्तीचा दाखला तुम्ही मागताच. तो 22 वर्षांच्या अशक्त मुलीला अडवेल आणि 41 वर्षांच्या धडधाकट बाईला सोडेल. दाखला त्यासाठीच असतो. घरसंसार असलेली बाई हजेरी भरणार नाही म्हणे. थिअरीला 80 टक्के, प्रात्यक्षिकाच्या प्रत्येक विभागात 100 टक्के, आठवड्याला 40 तास: यातले काहीच कमी करा असे कुणी म्हणत नाही. जिला झेपणार नाही ती गळेल, जशा अठराच्या मुलीही गळतात. सरकारी नोकरी मिळणार नाही म्हणे. खरे आहे, राज्यात खुल्या प्रवर्गाला 38 आणि राखीवला 43 अशी अट आहे. पण मग 35 व्या वर्षी बी.एस्सी.ला घेतलेली खुल्या प्रवर्गातली बाई 39 व्या वर्षी पदवी घेते, तेव्हा तिचे काय, हे तुम्ही विचारात घेतले होते? नर्स फक्त सरकारी वॉर्डात असते असे थोडेच आहे. तिला हवी असते नोंदणी. नोंदणी नसेल तर तेच काम ती निम्म्या पैशात, लपूनछपून करते, आणि चूक झाली की पहिला बळी तिचाच जातो. पेशंटचे काय होते ते वेगळे.

आपल्या धंद्याची सुरुवात तरी आठवा. फ्लॉरेन्स नाइटिंगेल कैसरवर्थला शिकायला गेल्या 1851 मध्ये, 31 व्या वर्षी. लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात 1860 मध्ये त्यांच्या नावाचे नर्सिंग स्कूल निघाले, तेव्हा उमेदवाराचे योग्य वय 25 ते 35 मानले गेले. तिथला 25 तुम्ही 17 वर आणलात, 35 मात्र अजून तिथेच आहे. आणि आमच्या पुण्यात रमाबाई रानड्यांच्या सेवासदनाने ससूनमध्ये नर्सिंग शिकायला कुणाला पाठवले? विधवांना, ज्यांच्याकडे समाजाने पाठ फिरवली अशा बायकांना. मध्येच शिक्षण तुटलेल्या बाईच्या हाताला काम आणि मान मिळावा, हा महाराष्ट्रात या व्यवसायाचा एक पाया आहे. 12 मेला दिवे लावून शपथ घेताना भाषणांत हे सगळे येते. प्रवेशाच्या नियमात येत नाही.

मागणी तीन ओळींची आहे. एएनएम, जीएनएम आणि बी.एस्सी. या तिन्हींची कमाल वयोमर्यादा काढा. प्रवेश पात्रता आणि गुणवत्ता यादीवर ठरू द्या. ते लगेच होत नसेल तर एएनएम, एलएचव्हींना दिलेली सवलत आशांना आणि रुग्णालयात काम केल्याचा पुरावा असलेल्या बायकांना द्या. तेही नको असेल तर 35 चे कारण लेखी छापा, म्हणजे खिडकीवर बसलेल्या ट्यूटरला समोरच्या बाईला सांगायला काही तरी असेल.

पुढच्या वर्षीच्या प्रवेशाचे परिपत्रक निघण्याआधी यातले एक तरी करा.

आपली,
एक निवृत्त ट्यूटर, जिल्हा सातारा