आरोग्यविचार : यकृतांतील यादवी

कावीळ म्हटली कीं पिवळे डोळे, पथ्याचा मऊ भात आणि कुणा जाणत्यानें घातलेली माळ, एवढेंच चित्र आपल्यापुढें उभें राहतें. दूषित पाण्यापासून होणारी कावीळ बहुधा आपोआप ओसरते व श्रेय मात्र माळेस मिळतें. परंतु हेपॅटायटिस 'बी' व 'सी' या विषाणूंचा जुनाट विकार याहून निराळा आहे. तो मुख्यत्वें रक्तावाटे जडतो. 'बी' तर प्रसूतिसमयीं मातेकडून अर्भकासही जातो. आणि कित्येक वर्षें डोळ्यांत पिवळी छटाही उमटूं देत नाहीं.

वाचकांस नवल वाटेल, परंतु या विकारांत यकृताचा नाश बव्हंशीं आपलेच रक्षक करितात. इ. स. १९९० नंतरच्या दशकांत कॅलिफोर्नियांतील संशोधकांनीं, यकृतपेशींत 'बी' विषाणूचीं प्रथिनें जन्मतःच निर्माण होतील असे उंदीर तयार केले. त्यांचीं यकृतें धडधाकट राहिलीं. मग त्या प्रथिनांस ओळखणाऱ्या 'टी' पेशी टोंचतांच यकृतास दाह सुरू झाला.

या 'टी' पेशी म्हणजे रक्तांतील पहारेकरी. घरांत चोर दिसला कीं त्या चोरासह घरच पाडतात. प्रौढपणीं 'बी'ची बाधा झाली तर बहुतेकांच्या शरीरांत हें युद्ध लवकर आटोपतें. तें रेंगाळलें म्हणजे 'टी' पेशी थकतात. शत्रु हटत नाहीं, आणि त्यांच्या हांकेनें, शत्रूची ओळख नसलेल्या इतर पांढऱ्या पेशींची गर्दी लोटते. हीच यादवी. प्रत्येक जखमेवर व्रण धरतो. व्रणांनीं यकृत कठीण होतें, आणि कांहींजणांस पुढें कर्करोगही होतो. म्हणून 'शक्ति वाढविणारीं' चाटणें येथें निरुपयोगी होत. वाण पहारेकऱ्यांची नाहीं, शत्रु वेळेवर ओळखण्याची आहे.

नवजात अर्भकाची रक्षणव्यवस्था तर अपक्व असते. ती विषाणूस घरचाच समजते. म्हणून जन्मतः बाधा झालेल्या दहांपैकीं सुमारें नऊ बालकांत तो ठाण मांडतो, आणि यादवी पेटते ती ऐन तारुण्यांत किंवा त्यानंतर. यावर मुख्य उपाय : जन्मापासून चोवीस तासांच्या आंत 'बी'ची लस, व पुढें सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्यांत उरलेल्या मात्रा.

पालघर जिल्ह्यांतील जव्हार-मोखाडा भागांत या चोवीस तासांचें मोल कळतें. डोंगरउतारांवर विखुरलेले पाडे, पावसाळ्यांत वाट अडविणारे ओहोळ, आणि झोळींतून न्यावी लागणारी गर्भिणी! घरींच प्रसूति झाली तर लस शीतपेटींत राहते आणि वेळ निघून जाते. जव्हारचें पतंगशाह कुटीर रुग्णालय किंवा मोखाड्याचें ग्रामीण रुग्णालय वेळेवर गांठणें म्हणूनच बाळंतिणीइतकेंच बाळाच्या यकृताच्याही हिताचें आहे. बारमाही रस्ता हीही येथें लसच होय.

आपल्या घरांतील वडीलधाऱ्यांच्या जन्मकाळीं ही लस नव्हतीच. त्यांनीं एकवार रक्त तपासून घ्यावें. २८ जुलै २०१८ पासून चालू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमांत तपासणी व औषधें सरकारी रुग्णालयांत विनामूल्य मिळतात. 'सी' बहुधा तीन महिन्यांच्या गोळ्यांनीं बरा होतो. 'बी' औषधांनीं काबूंत राहतो.

शेवटीं एक विनंती : पंक्तीस बसल्यानें किंवा हात लागल्यानें हा रोग जडत नाहीं. रुग्णाचें ताट वेगळें मांडूं नये. यकृतांत पेटलेली यादवी पुरे. ती घरांत आणूं नये.