माप कुणाच्या अंगाचं?

ऊसतोडीचे दिवस होते. दौंड तालुक्यातल्या एका फडाजवळच्या कोपीत मध्यरात्री एका तोडणीवाल्या बाईला कळा सुरू झाल्या. रुग्णवाहिका डांबरी रस्त्यावरच थांबली, पुढे वाट नव्हती. गाडीतल्या डॉक्टरीणबाई, चालक आणि गावच्या आशाताई बॅटरीच्या उजेडात सऱ्या तुडवत गेले आणि बाईला स्ट्रेचरवर घेऊन निघाले. रस्त्याला लागताच, गाडीत चढवायच्या आत, बाळ झालं.

दुसऱ्या दिवशी मी आशाताईंकडे गेले तेव्हा त्या मोरीत साडी घासत बसल्या होत्या. "रात्रीच मिठाच्या पाण्यात घालायला पाहिजे होती, आता डाग जायचे नाहीत," म्हणाल्या. हातमोजे होते का, असं मी विचारलं. डॉक्टरमॅडमनी आपल्यातली एक जोडी दिली होती, पण ती इतकी ढगळ होती की बोटांच्या टोकाला लोंबत होती. नाळेला चिमटा लावताना मोज्याचं टोकच त्यात अडकलं, म्हणून त्यांनी मोजे काढून टाकले. आणि तर्जनीवर आदल्या दिवशी पाचटीनं कापल्याची ताजी चीर होती.

हे त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. सांगायचं असतं हेच त्यांना माहीत नव्हतं. अशा वेळी एचआयव्ही टाळायची औषधं 72 तासांच्या आत सुरू करावी लागतात, आणि जितकी लवकर तितकी बरी. आम्ही लगेच निघालो. बाळंतिणीच्या तपासण्या निर्धोक निघाल्या, औषधांची गरज नाही असं डॉक्टरांनी सांगितलं. पण तो निकाल येईपर्यंत आशाताईंनी घरी स्वयंपाक केला नाही. धाकट्या मुलालाही जवळ घेतलं नाही. नवऱ्याला काय सांगितलं ते मी विचारलं नाही.

डॉक्टरीणबाई नंतर एकदा निवांत भेटल्या. त्यांना चमकणाऱ्या पट्ट्यांचं जॅकेट मिळालं होतं. ते गुडघ्यापर्यंत यायचं, खांद्यावरून घसरायचं आणि वाकलं की स्ट्रेचरच्या दांड्यात अडकायचं. म्हणून त्या रात्री त्यांनी ते गाडीतच ठेवलं होतं. गर्द निळ्या कुडत्यात त्या रस्त्याच्या कडेला गुडघे टेकून बसल्या होत्या आणि शेजारून उसाचे ट्रॅक्टर जात होते. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले, मागे दिवा नसलेले. गळीत हंगामात शिरूर-दौंडच्या रस्त्यांवरून रात्री ज्यांनी प्रवास केला आहे, त्यांना या वाक्याचा अर्थ सांगायला नको.

खरं सांगायचं तर गणवेश म्हटलं की माझ्या कपाळाला आठी पडते. सेविकांच्या साडीचा रंग कुणी ठरवायचा, नर्सनं डोक्यावर टोपी का घालायची, यावर आपण बैठकांमधून किती वाद घातले आहेत! गणवेश म्हणजे बाईला रांगेत उभं करणं, असंच मी मानत आले. पण डॉक्टरीणबाईंनी मला एक गोष्ट सांगितली. साध्या कपड्यांत अपघाताच्या जागी उतरलं की जमलेले पुरुष विचारतात, "सिस्टर, डॉक्टर कुठायत?" आणि चालकाकडे बघतात. ज्या दिवशी अंगावर नीट बसणारा पोशाख असतो, त्या दिवशी गर्दी दोन पावलं मागे सरते. बाईनं सांगितलेलं ऐकायला लोकांना कपड्याचा आधार लागतो हे काही भूषणावह नाही. पण रक्त वाहत असताना त्यावर भांडायला वेळ कुठे असतो?

महाराष्ट्रात 2014 साली 108 क्रमांकाची सेवा सुरू झाली ती 937 गाड्या घेऊन, आणि प्रत्येक गाडीत डॉक्टर असेल हे तिचं वैशिष्ट्य होतं. तरुण मुली या कामाला येतात, रात्रपाळ्या करतात. 2005 पासून गावोगाव आशा आल्या, राज्यात त्या सुमारे 70 हजार आहेत. गरोदर बाईला दवाखान्यात पोहोचवणं हे त्यांचं ठरलेलं काम. म्हणजे गाडीच्या मागच्या भागात बाईच बाईला धरून बसलेली असते. कपडे, मोजे, बूट खरेदी करताना मात्र डोळ्यांसमोर साडेपाच फुटी पुरुष असतो. आणि आशा तर 'स्वयंसेविका'! पथकात तिची गणतीच नाही, मग माप कुणाचं घेणार?

2020 मध्ये करोनाच्या साथीत हे सगळ्यांना दिसलं होतं. ते पांढरे अंगभर पोशाख आठवा. एकदा चढवला की पाळी संपेपर्यंत काढायचा नाही, कारण दुसरा मिळेलच असं नाही. लघवीला जाता येत नाही म्हणून बायका पाणी पीत नव्हत्या. मासिक पाळीच्या दिवसांत काय केलं, ते त्या आजही हळू आवाजात सांगतात. मास्क नाकाच्या कडेनं उघडा राहायचा, मग त्यावर चिकटपट्टी लावायची. आशांना तर तो पोशाखही नव्हता. बऱ्याच जणींनी ओढणी नाहीतर पदर तोंडाला बांधून घरोघर ताप मोजला. जून 2021 मध्ये त्या संपावर गेल्या तेव्हा मानधनाबरोबर सुरक्षेच्या साधनांचीही मागणी होती. लोकांना मानधन तेवढं ऐकू आलं.

हे फक्त आपल्याकडचं नाही. ब्रिटनमधल्या कामगार संघटनांच्या महासंघानं 2017 साली एक अहवाल काढला. संरक्षक कपड्यांमुळे कामात अडथळा येतो, असं 57 टक्के बायकांनी सांगितलं होतं. आपत्कालीन सेवेत तर अडथळा कधीच येत नाही असं म्हणणाऱ्या फक्त 5 टक्के निघाल्या. तिथे कपडा आहे, पण माप पुरुषाचं. आपल्याकडे पुष्कळदा कपड्यापासूनच सुरुवात आहे.

दर 10 मार्चला आपण सावित्रीबाईंची आठवण काढतो. 1897 च्या प्लेगमध्ये मुंढव्याच्या एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन त्या मुलाच्या, यशवंताच्या, दवाखान्यात गेल्या आणि त्याच रोगानं गेल्या. ही गोष्ट मीही शिबिरांत गहिवरून सांगितली आहे. हल्ली सांगताना अडखळते. बाईनं जीव धोक्यात घालण्याचं आपल्याला इतकं कौतुक आहे की तो धोका कमी कसा करायचा, हे विचारायचं राहून जातं. सेवाभाव म्हटला की हातमोज्यांचा हिशेब मागणं क्षुद्रपणाचं वाटतं.

हिशेब मागायला कायद्याचा आधार आहे. एचआयव्ही-एड्सबाबतचा 2017 चा कायदा सांगतो की आरोग्यसेवा देणाऱ्या संस्थेनं, कामात संसर्गाचा धोका असलेल्या तिथल्या सर्वांना संरक्षणाची साधनं, ती वापरण्याचं प्रशिक्षण आणि संसर्गाची शक्यता घडल्यावर औषधं दिली पाहिजेत. 'सर्वांना' या शब्दात पगारी आणि मानधनी असा भेद मला तरी दिसत नाही. जैववैद्यकीय कचऱ्याचे 2016 चे नियम आहेत. तो कचरा हाताळणाऱ्यांना काविळीची, म्हणजे हेपटायटिस-बीची, आणि धनुर्वाताची लस द्यायला ते सांगतात. रक्तानं भिजलेला बोळा पिशवीत कोण भरतं, ते गाडीत डोकावून पाहावं.

"मग काय आशांना पँट घालायला लावणार?" असं एका बैठकीत एका अधिकाऱ्यांनी हसत विचारलं. नाही साहेब. ज्यांना घालायची त्यांनी घालावी. साडीवरून बांधता येईल असा, पुढून गुडघ्याखालीपर्यंत येणारा, पाणी न झिरपणारा, मनगटापर्यंत बाह्यांचा अॅप्रन हवा. मोजे लहान मापाचे हवेत. जॅकेट कमरेला आवळता यावं. आणि बूट हवेत, कारण शिरूरच्या घोडकाठच्या गावांत रात्री उसात शिरायचं म्हणजे साप आहेत आणि बिबट्याही आहे. चपलेवर ते काम होत नाही.

गेल्या महिन्यात शिरूरच्या बैठकीला आम्ही शिवणवर्गातली टेप नेली होती. आधी सगळ्या लाजल्या, मग एकमेकींची मापं घेताना हसून हसून बेजार झाल्या. छाती, कंबर, उंची, मनगट, पाऊल. अठरा जणींची यादी झाली. बाजारातल्या गमबुटाचं सगळ्यात लहान मापही त्यातल्या पाच जणींना मोठं होतं. ती यादी अर्जाला जोडून तालुक्याला दिली आहे, पोच घेतली आहे. दौंडच्या बायकांची मापं पुढच्या बुधवारी घ्यायची आहेत. त्याच दिवशी आशाताईंना लशीचा दुसरा डोस आहे, म्हणून बैठक दुपारी दोनला ठेवली आहे.